कॉट्सवोल्ड वेवरचा निवांत दिवस: चिपिंग कॅम्पडन ते ब्रॉडवे

कॉट्सवोल्ड वे ही इंग्लंडमधली 164 किलोमीटरची पायवाट चिपिंग कॅम्पडनपासून बाथपर्यंत जाते. पहिला टप्पा ब्रॉडवे गावापर्यंत, जेमतेम 10 किलोमीटरचा. बरेच जण तो सकाळीच उरकून त्याच दिवशी पुढचं गाव गाठतात. तसं करू नका. पूर्ण दिवस इथेच घालवा.

चालण्याचा वेळ काढायच्या नेस्मिथच्या नियमाने ताशी 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला एक तास जास्तीचा धरतात. इथला चढ 200 मीटरच्या आसपास, म्हणजे नुसतं चालणं अडीच तासांच्या आत संपतं. त्याच्या दुप्पट वेळ हाताशी ठेवा. तरीही दहाच्या आत निघा, कारण बऱ्याच पबांची स्वयंपाकघरं दुपारी दोन-अडीचला बंद होतात आणि थेट संध्याकाळी उघडतात. अंतर कमी म्हणून अकरा-बाराला निघणाऱ्यांचं जेवण हुकतं. डिसेंबरात तर चारच्या सुमारास अंधारतं. पाठीवर लिटरभर पाणी, थोडं खाणं, रेनकोट आणि मोज्यांचा जास्तीचा जोड पुरे.

सुरुवात 1627 साली बांधलेल्या मार्केट हॉलजवळून करा. खुणेच्या खांबावर ओकच्या फळाचं चित्र असतं. पिवळा बाण फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, निळ्या बाणाच्या वाटेवर घोडे आणि सायकलीही येतात. सोबत ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल 45 नकाशा घ्या. त्यावर 4 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर.

डोव्हर्स हिलवर पहिला चढ संपतो. इथे पाठपिशवी उतरवून बसाच. कड्याखाली ईव्हशॅमचं खोरं पसरलेलं दिसतं, कुंपणांनी आखलेली शेतं एकेक करून ओळखता येतात. पुढे माइल ड्राइव्ह हा रुंद, हिरवा, जवळजवळ सपाट पट्टा लागतो. तिथून फिश हिलला ए44 हा मोठा रस्ता ओलांडताना मात्र सावध राहा, गाड्या वेगात असतात.

वाटेत अर्धगोल कठड्यात झुलणारं फाटक लागतं. ते आपल्यापासून दूर ढकलून कठड्याच्या आत शिरा, अगदी कोपऱ्यात सरका, फाटक मागे येऊ द्या आणि मग पलीकडे निघा. मोठी पिशवी इथे हमखास अडकते. ओढाताण करण्यापेक्षा ती काढून आधी वरून पलीकडे ठेवा. इतर फाटकं जशी सापडतील तशीच सोडायची: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

गाईंसोबत वासरं असतील तर त्यांच्या मधून जाऊ नका. लांबून वळसा घालून परत वाटेवर या. कुत्रा आखूड दोरीने धरा, पण गाई अंगावर आल्या तर त्याला सोडून द्या. तो सहज निसटतो, तुम्हाला ते जमत नाही.

ब्रॉडवे टॉवर हा मनोरा 312 मीटर उंचीच्या टेकडीवर आहे. हवा स्वच्छ असेल तर वेल्सचे डोंगर दिसतात. इथून गावापर्यंत सलग उतार आहे, दोनशे मीटरहून जास्त. पावसानंतर हे गवत साबणासारखं निसरडं होतं, आणि बहुतेक जण इथेच घसरतात, कारण गाव दिसू लागलं की पाय आपोआप भरभर पडतात. उतरण्याआधी बुटांच्या नाड्या घोट्याशी घट्ट बांधा, म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं टाकत, थोडं नागमोडी उतरा.

मुक्कामी पोचल्यावर बूट हीटरजवळ ठेवू नका, चामडं तडकतं. आतला सुटा तळ (इनसोल) काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तासाभराने बदला.