चार नंबरच्या लेन्सने सुरुवात करा

आमच्या पॅथॉलॉजीत नवा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, आला की अंडाशयाच्या गाठीची स्लाइड घेतो आणि मायक्रोस्कोपला थेट फोर्टी-एक्स, म्हणजे चाळीसपट मोठं दाखवणारी लेन्स लावतो. मी ती काढून ठेवते. आधी गाठ सांग म्हणते: किती सेंटिमीटर, एका बाजूची की दोन्ही, वरून गुळगुळीत की फ्लॉवरसारखी वाढ? दर सेंटिमीटरला किमान १ ब्लॉक, म्हणजे स्लाइडसाठी मेणात बसवायचा गाठीचा तुकडा, घ्यायचा. १० सेंटिमीटरवरची म्यूकसने भरलेली गाठ असेल तर २. मे महिन्यात सोलापुरात फॉर्मॅलिनच्या वासात तीस-तीस ब्लॉक घेणं जिवावर येतं, मान्य. पण अशा गाठीत एका कोपऱ्यात साधी सिस्ट असते आणि दुसऱ्यात कॅन्सर.

मग फोर-एक्स, म्हणजे चारपट दाखवणारी लेन्स, आणि बारकाव्यांसाठी तिथून वर. एकच थर, पेशींवर बारीक सिलिया (केसांसारखे तंतू): सीरस प्रकारची गाठ. पेशी उंच, माथा म्यूकसने फिकट, केंद्रकं तळाशी: म्यूसिनस. फांदीला फांदी फुटलीय पण स्ट्रोमात (पेशींखालच्या आधाराच्या ऊतीत) शिरकाव नाही, तर बॉर्डरलाइनचा, म्हणजे साधी गाठ आणि कॅन्सर यांच्या मधल्या प्रकाराचा विचार करा. फटींसारख्या जागा, केंद्रकांच्या आकारात तिपटीचा फरक, फोर्टी-एक्सखालच्या १० हाय पॉवर फील्डमध्ये १२ पेक्षा जास्त मायटोसिस (विभागत असलेल्या पेशी) दिसले की हाय ग्रेड सीरस, म्हणजे आक्रमक कॅन्सर.

ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर ही अंडाशयाचीच आणखी एक गाठ; तिच्या पेशींच्या केंद्रकाला पुस्तकं कॉफीच्या बीची उपमा देतात. आमच्याकडच्या पोरांनी कॉफी पाहिलीय ती पावडर! मी गव्हाचा दाणा सांगते. ज्वारीचा नाही, तिला चीर नसते. फिकट केंद्रक, मधोमध उभी चीर. अधूनमधून गुलाबी द्रवाच्या ठिपक्याभोवती पेशी पंगतीसारख्या बसलेल्या दिसतात, त्या कॉल-एक्सनर बॉडी. चीर ब्रेनर ट्यूमर या अंडाशयाच्या दुसऱ्या गाठीतही असते. तिथे मात्र तंतुमय स्ट्रोमात पेशींची नीट बेटं असतात.

आता माझी चूक. सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या आदल्या संध्याकाळी, घरी पाहुणे आणि टेबलावर स्लाइडचा ट्रे. दोन्ही अंडाशयं, सात-आठ सेंटिमीटरची. ग्रंथी दिसल्या, ‘म्यूसिनस, अंडाशयातलाच’ लिहून मोकळी झाले. काही दिवसांनी सर्जनचा फोन आला, बाईंच्या जठरात गाठ सापडली होती. स्लाइड पुन्हा काढली. स्ट्रोमा ‘जरा भरगच्च’ म्हणून मी जिथून पुढे सरकले होते, तिथेच सुट्या पेशी बसल्या होत्या. म्यूकसच्या थेंबाने केंद्रक कडेला रेटलेलं, अंगठीच्या खड्यासारखं. क्रुकेनबर्ग, म्हणजे दुसरीकडून, इथे जठरातून, अंडाशयात पसरलेला कॅन्सर.

तेव्हापासून दोन्ही बाजूंची, १० सेंटिमीटरच्या आतली म्यूसिनस गाठ आली की सही करण्याआधी मी सर्जनला फोन लावते. जठराची दुर्बीण झाली का? अपेंडिक्स पाहिलं का? शौचावाटे रक्त जातं का? उत्तरं फॉर्मवर लाल पेनाने लिहायची. फोन लागला नाही तर ट्रे बाजूला.