फिटनेस टेस्टिंगच्या कामात नवीन येताय? मशीनचं नंतर बघू

बीपीएड, एमपीएड झालेली पोरं विचारतात, सर टेस्टिंग शिकायचंय, कुठली मशीन घेऊ? मशीन राहू दे. मी जास्त करून कबड्डी आणि खो-खोच्या पोरापोरींच्या टेस्ट घेतो आणि तिथे टेप, खुणेसाठी प्लास्टिकचे कोन, स्टॉपवॉच, खडू आणि मोबाईलला जोडलेला स्पीकर एवढ्यात बहुतेक काम भागतं.

आधी खेळ नीट बघा. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची, त्यात झटका, वळण, झटापट, मग जरा दम खायला मिळतो आणि परत तेच. अशा पोराला १२ मिनिटं गोल गोल पळवलं (ही कूपर टेस्ट, १९६८ ची, मुळात अमेरिकेच्या हवाई दलातल्या लोकांसाठी) तर आकडा मिळतो हो, पण सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत तो ढेपाळतो का हे त्यातून कळत नाही. त्यापेक्षा यो-यो टेस्ट बरी, स्पीकरवरच्या बीपच्या तालावर २० मीटर जाऊन परत यायचं, मग १० सेकंद विश्रांती, आणि स्पीड वाढत जातो. बीप टेस्ट वेगळी बरं का, तीही बीपवर २० मीटर ये-जा करायचीच, पण ती ताशी ८.५ किमी वेगाने सुरू होते आणि मध्ये विश्रांतीच नाही, त्यामुळे दोन्हींच्या लेव्हल एकमेकींशी लावू नका, लोक सर्रास लावतात.

यो-यो गाजली क्रिकेटमुळे, २०१८ ला शमी आणि रायुडू त्यात अडकले तेव्हा पास व्हायला लागणारी १६.१ ही लेव्हल घरोघरी पोचली. १६.१ म्हणजे एकूण ११२० मीटर. मोठ्या क्रिकेटर्ससाठी ठरवलेला हा कट-ऑफ आता काही ठिकाणी चौदा वर्षांच्या खो-खोच्या मुलींनाही लावतात, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक!

आता कंटाळवाणा भाग, पण खरं काम इथेच आहे. दर वेळी तेच मैदान, तीच वेळ, तसलेच बूट, तोच वॉर्मअप आणि स्टॉपवॉच धरणारा माणूसही तोच. हाताने घेतलेला टायमिंग इलेक्ट्रॉनिकपेक्षा साधारण पाव सेकंद कमी येतो, म्हणून आधी हाताने आणि नंतर टायमिंग गेट (सेन्सरने वेळ टिपणारे इलेक्ट्रॉनिक खांब) लावून मोजलंत तर पोरगं बिचारं उगाच स्लो झालेलं दिसेल. एक करून बघा, तीच टेस्ट तीन-चार दिवसांनी परत घ्या, मध्ये वेगळं ट्रेनिंग काही नाही. आकडा आपोआप थोडा हलतोच. जेवढा हलला त्याहून कमी फरक असेल तर कोचला ‘सुधारणा झाली’ म्हणून सांगू नका, कोच कितीही खूश होत असला तरी.

क्रमही महत्त्वाचा. उंची-वजन, सिट अँड रीच (बसून पुढे वाकत हात कुठवर पोचतो ते), मग भिंतीवर खडूने उडी, मग चपळाई, स्प्रिंट, पुशअप्स, आणि दम काढणारी टेस्ट सगळ्यात शेवटी, शक्यतो दुसऱ्या दिवशी. सुरुवातीलाच यो-यो घेतली तर पुढचे सगळे आकडे रद्दी.

ताप येऊन गेलाय का, छातीत दुखतं का, गुडघ्याचं काही आहे का हे आधी विचारायचंच, लहान मुलं असतील तर पालकांची सही घ्यायची. आणि वजनाची यादी ग्रुपवर टाकायची नाही, मुली दुसऱ्या दिवसापासून यायच्या बंद होतात.

सुरुवात करायला जवळचं एखादं मंडळ गाठा, सीझन सुरू व्हायच्या आधी, आणि कोचला पहिलंच विचारा की आकडे आले तर सरावात काय बदलणार. त्याचं उत्तर ‘काही नाही’ असेल तर त्या मंडळात टेस्ट घेऊ नका, दुसरं मंडळ बघा.