पगाराची स्लिप नाही? ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र जोडा

जर्मनीत खोली भाड्याने देताना घरमालक सहसा तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतात. नुकत्याच पोचलेल्या विद्यार्थ्याने त्या आणायच्या कुठून? व्हिसासाठी उघडलेल्या ब्लॉक्ड अकाउंटचं, म्हणजे आधीच पैसे भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्याचं, पत्र इथे कामी येतं.

१. पत्रात दरमहा हाती येणारी रक्कम (सप्टेंबर २०२४ पासून साधारण ९९२ युरो) पिवळ्या रंगाने ठळक करा.
२. सोबत विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि आईवडिलांचं हमीपत्र, शक्यतो जर्मनमध्ये.
३. सगळं एकाच पीडीएफमध्ये, पहिल्याच मेसेजबरोबर. मागितल्यावर पाठवू म्हणाल तर खोली गेलीच समजा.

खोली पाहून करार होण्याआधी डिपॉझिट मात्र पाठवू नका. कायद्याने ते हीटिंग वगैरे वगळून उरणाऱ्या मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंतच घेता येतं, आणि तीन हप्त्यांत भरायची मुभा असते.