खणाच्या पर्सची किंमत कशी ठरवावी?

कोल्हापुरात घरबसल्या खणाच्या पर्स, बटवे किंवा वाकळा शिवणाऱ्या अनेक महिला किंमत ठरवताना महाद्वार रोडवरच्या दुकानांत तशीच वस्तू कितीला मिळते ते पाहतात आणि त्यातून पन्नास रुपये कमी करतात. ही पद्धत सोपी असली, तरी आपल्याला वस्तू कितीला पडली हे त्यातून कळत नाही. म्हणून आधी वहीत हिशेब मांडावा आणि बाजारभाव नंतर पाहावा.

पहिली पायरी कच्च्या मालाची. उदाहरणादाखल एक पर्स घेऊ : खण ९५ रुपये, अस्तर २५, फोम २०, चेन आणि रनर १५, दोरा ५ आणि कातरणीत वाया जाणाऱ्या कापडापोटी १०, असे एकूण १७० रुपये. जीएसटीची नोंदणी नसेल, तर खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही. त्यामुळे बिलातील करासहितची रक्कमच धरावी.

दुसरी पायरी मजुरीची, आणि बहुतेकींची गाडी अडते ती इथेच. ‘दुपारी रिकामीच तर असते’ असे म्हणून स्वतःची मजुरी शून्य धरली जाते. पण उद्या शंभर पर्सची ऑर्डर आली आणि मदतीला कोणाला बोलवावे लागले, तर ती व्यक्ती फुकट शिवणार नाही. तिला ताशी जे द्यावे लागेल, तोच आपला दर समजावा. तीन पर्स घड्याळ लावून शिवाव्यात. कापणे, दोरे तोडणे, इस्त्री हा वेळही त्यात धरावा आणि सरासरी काढावी. ती १ तास ४० मिनिटे आली आणि दर ९० रुपये धरला, तर मजुरी १५० रुपये होते.

वरखर्चात वीज, मशीनची देखभाल, रिक्षाभाडे, पिशव्या व लेबले येतात. १५,००० रुपयांचे मशीन पाच वर्षे चालेल असे धरले, तर त्याची झीजच महिन्याला २५० रुपये होते. सगळा वरखर्च महिन्याला १,२०० रुपये आणि पर्स ४० असतील, तर एका पर्सवर ३० रुपये पडतात. म्हणजे पर्स ३५० रुपयांना पडली. त्यावर २० टक्के नफा धरला, की ४२० रुपये आपल्या हातात यायला हवेत.

आता कमिशनचा प्रश्न येतो. दुकानदार ३० टक्के घेणार असेल, तर अनेकजणी ४२० वर ३० टक्के चढवून ५४६ रुपये किंमत लावतात. मात्र दुकानदार त्याचे ३० टक्के विक्रीच्या किमतीवर कापतो. तो ५४६ मधून सुमारे १६४ रुपये ठेवून घेतो, आपल्याला ३८२ मिळतात आणि ७० रुपयांचा नफा ३२ वर येतो. म्हणून इथे गुणाकार न करता ४२० ला ०.७० ने भागावे. उत्तर येते ६०० रुपये, आणि हीच छापील किंमत होय.

घरून विकतानाही ती ६००च ठेवावी. तीच पर्स आपण घरी ४२० ला देतो हे कळल्यावर कोणता दुकानदार पुन्हा माल ठेवील? शिवाय प्रदर्शनात दुकानदार नसला, तरी स्टॉलचे भाडे असतेच. दोन दिवसांचे भाडे ३,००० रुपये असेल, तर प्रत्येक पर्समागे वाचणाऱ्या कमिशनच्या १८० रुपयांतून (६०० वजा ४२०) ते वसूल व्हायला किमान १७ पर्स खपाव्या लागतात. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनासाठी बाहेरगावाहून येणारी गर्दी पाहता हा आकडा अवघड वाटत नाही. आषाढातल्या पावसात मात्र स्टॉल घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

घासाघीस होणारच. त्यासाठी किंमत आधीच फुगवण्यापेक्षा तीन पर्स एकदम घेणाऱ्याला ठरावीक सवलत द्यावी आणि तिचा आकडा आधीच वहीत लिहून ठेवावा. जाऊबाई-नणंदांना भेट द्यायची असेल तर खुशाल द्यावी; अर्ध्या किमतीत विकू मात्र नये, कारण तोच भाव पुढे त्यांच्या मैत्रिणी मागतात.

एवढे करूनही ६०० ला गिऱ्हाईक मिळत नसेल, तर मजुरीचा दर न कापता वेळ कापावा. दहा पर्सचे कापड एकदम बेतले आणि प्रत्येकीमागे २५ मिनिटे वाचली, तर मजुरी साडेसदतीस रुपयांनी उतरते आणि तोच नफा व तेच कमिशन धरून छापील किंमत सुमारे ६४ रुपयांनी खाली आणता येते.