माल्टसाठी धान्य निवडताना: दादर, नागली की गहू?

अमळनेरला आमच्या बचत गटात मी माल्ट करते, म्हणजे धान्याला मोड आणून, वाळवून, भाजून केलेलं पीठ. शिकायला येणाऱ्या बाया आधी विचारतात ते भाजण्याचं आणि दळण्याचं. मी त्यांना पहिल्यांदा गोणीजवळ नेते, कारण धान्यच चुकलं तर पुढची सगळी मेहनत वाया.

दाण्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचं पाचकद्रव्य तयार होतं. ते स्टार्च तोडतं, त्याची साखर करतं. म्हणून माल्टची पेज घट्ट बसत नाही, वाटीभर पेजेत जास्त पीठ मावतं. सहा महिन्यांवरच्या बाळाचं पोट एवढंसं असतं, त्याला तेवढ्याच वाटीत जास्त अन्न मिळावं हाच तर माल्टचा उपयोग. मोड न आलेला दाणा दळला तर ते नुसतं पीठ.

आता आपल्याकडची दादर ज्वारी. तापीकाठच्या काळ्या कसदार जमिनीतली, रब्बीची, मोत्यासारख्या दाण्याची. भाकरीला ती उत्तम आहेच, पण मला माल्टलाही तीच लागते. खरिपाची हायब्रीड ज्वारी कणसात दाणा भरताना पावसात सापडते, दाण्यावर बुरशी येऊन तो काळा पडतो. असा दाणा भिजवला की दुसऱ्याच दिवशी कुबट वास येतो. स्वस्त मिळते म्हणून ती घेऊ नका, लहान मुलांच्या अन्नात तर नाहीच. दादर घेतानाही दाणा तळहातावर घेऊन टोकाशी बघायचं. अंकुराची जागा शाबूत हवी. मळणी यंत्र जोरात फिरवलेलं असलं की तिथेच दाणा फुटतो. किराणा दुकानात पॉलिश केलेली चकचकीत ज्वारी मिळते, तिचंही तेच. दिसायला सुरेख, पण निम्मे दाणे मोडच काढत नाहीत.

मी ओळखीच्या शेतकऱ्याकडून खळ्यावरूनच घेते आणि आधी विचारते की कोठीत कीड मारायच्या औषधाच्या गोळ्या ठेवल्या होत्या का. ठेवल्या असतील तर ते धान्य घेत नाही. पेरणीचं उरलेलं बियाणं तर अजिबात वापरायचं नाही. त्यावरचा लाल-गुलाबी रंग म्हणजे बुरशीनाशक असतं, ते कितीही धुतलं तरी खाण्याजोगं होत नाही.

एवढं बघितल्यावर गोणपाटाची चाचणी. पेरणीआधी शेतकरी करतात तीच. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, ओल टिकवायची आणि तिसऱ्या दिवशी उघडायचं. नव्वदच्या वर दाण्यांना मोड आले तर गोणी घ्यायची. ऐंशीच्या आसपास असले तर मी भाकरीसाठी ठेवते. सासूबाई गोणपाट सोडताना विचारतात, "दानामा जीव शे का?" आणि स्वतः मोजून बघितल्याशिवाय गोणी आत येऊ देत नाहीत. नुकत्याच निघालेल्या दादरीचे मोड कमी दिसले तर घाई करू नका. ताजा दाणा काही आठवडे झोपेत असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेली दादर मी चांगली वाळवून ठेवते आणि दिवाळीनंतर वापरायला काढते. दोन पावसाळे काढलेली घेत नाही.

ज्वारीबद्दल एक गोष्ट मात्र प्रत्येकीला माहीत हवी. कोवळी ज्वारी खाल्लेली गुरं दगावतात हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तेच विष घडवणारं द्रव्य ज्वारीच्या मोडातही असतं. म्हणून ज्वारीचे मोड मुगा-मटकीसारखे कच्चे खायचे नाहीत. दाणे कडकडीत वाळले की हाताने चोळून कोंब आणि मुळं पूर्ण झाडायची, सुपात पाखडायची, मगच दळायचं. ज्या घरात हे नीट होणार नाही तिथे मी सरळ नागली, म्हणजे नाचणी, घ्या म्हणते.

आणि बाळासाठी माझी पहिली पसंती नागलीच आहे. आपल्याला ती धडगाव, अक्कलकुव्याच्या सातपुड्यातून किंवा साक्रीच्या पश्चिम भागातून मिळते. शंभर ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, मोड भरभर येतात, बुरशी सहसा धरत नाही आणि माल्टला वास तर असा येतो की दळताना शेजारची विचारते. फक्त खडे आणि माती फार. चार-पाच पाण्यांत रोळून घ्यावीच लागते.

गहू मोड चांगले काढतो, पेजही छान पातळ करतो, पण नागलीचं कॅल्शियम त्यात नाही. बाजरीचं माल्ट मी विकायला करत नाही. तिच्या अंकुरात तेल जास्त, पीठ लवकर कडू होतं. घरच्यासाठी आठवड्यापुरतं करायला हरकत नाही.

उन्हाळ्यात हे काम काढू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो, कपड्याखालचे वरचे दाणे सुकतात आणि खालचे आंबतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. बारा तास भिजवणं, मध्ये एकदा पाणी बदलणं, मग ओल्या कापडात दोन दिवस आणि त्यानंतर ऊन.

माल्ट जमलं का हे बघायला भाजण्याआधीचं, नुसतं उन्हात वाळवलेलं चमचाभर पीठ बाजूला काढा. जास्त तापलं की पाचकद्रव्य मरतं, म्हणून भाजलेलं चालणार नाही. साध्या ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज शिजवा, खाली उतरवून वाफ कमी होऊ द्या, बोट क्षणभरच टेकवता येईल इतकी गरम असताना तो चमचा घालून ढवळत राहा. पाच-दहा मिनिटांत पळीवरून धार लागली तर धान्य बरोबर निवडलंय. ही पेज बाळाला द्यायची असेल तर पुन्हा एक उकळी काढून, कोमट करून द्या. धार लागली नाही तर ती गोणी भाकरीच्या डब्याकडे वळवा आणि दुसऱ्या शेतकऱ्याच्या धान्यावर गोणपाट लावा.