गर्भपाताचे आकडे वाचताना आणि वापरताना या चुका टाळा

खान्देशातल्या एका तालुक्याला मी बरीच वर्षं आरोग्याचा महिन्याचा रिपोर्ट कॉम्प्युटरवर भरायचं काम केलं. एकदा एका उपकेंद्राच्या सिस्टरला फोन लावला, म्हटलं ताई, गर्भपाताचा रकाना कोरा आलाय, काय टाकू? तिकडून उत्तर आलं, "शून्य लिखी टाक वं माय." मी टाकला. त्या महिन्यात तिच्या गावांत खरंच कोणाचा झाला नव्हता की तिच्यापर्यंत बातमीच आली नव्हती, हे त्या शून्यातून आता कोणालाच कळणार नाही, आणि तोच शून्य तालुका, जिल्हा, राज्य करत दिल्लीला जाऊन बेरजेत बसला. कोरा रकाना म्हणजे माहिती आली नाही आणि शून्य म्हणजे विचारलं, झाला नाही. रिपोर्ट भरणारे असाल तर ही चूक माझ्यासारखी करू नका, फोन परत लावा.

वाचणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे सरकारी आकड्याला देशाचा आकडा समजणं. २०१४-१५ ला सरकारी नोंदीत गर्भपात होते साधारण ७ लाख. आणि २०१५ साठी संशोधकांनी काढलेला अंदाज, जो लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, तो होता १ कोटी ५६ लाख. बावीस पट! हे बघून लोक म्हणतात कोणीतरी खोटं बोलतंय. तसं नाहीये, दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. सरकारी आकडा म्हणजे जे फॉर्मवर आलं ते, मान्यता असलेल्या दवाखान्यानं कळवलं तेवढंच. अभ्यासवाल्यांनी दवाखान्यांचा सर्व्हे केला आणि त्याला गोळ्यांच्या विक्रीचा हिशोब जोडला. त्यातून निघालं की १ कोटी १५ लाख, म्हणजे शंभरातले ७३, दवाखान्याच्या बाहेर गोळ्या घेऊन झाले. मेडिकलवरून नवऱ्यानं पाकीट आणलं, बाईनं घरी घेतलं, चार दिवसांनी परत कापूस वेचायला शेतात गेली, याचा फॉर्म कोण भरणार? पण मला जास्त खटकतं ते पुढचं, दवाखान्यात झालेले सुद्धा ३४ लाख होते आणि कागदावर ७ लाख. म्हणजे दवाखान्यातलंही बरंच काही वर पोचतच नाही. आणि हो, तो अभ्यास ६ राज्यांचा होता, आसाम, बिहार, गुजरात, मध्य प्रदेश, तमिळनाडू, उत्तर प्रदेश, बाकी देशाचं त्यावरून काढलं, त्यामुळे "त्या अभ्यासात महाराष्ट्राचं असं आलंय" असं कोणी म्हटलं तर मानू नका.

मग जुने-नवे आकडे एका रेषेत लावायची चूक. गर्भपाताचा कायदा असावा का हे बघायला सरकारनं नेमलेल्या शांतीलाल शाह समितीनं १९६६ ला वर्षाला ३९ लाख गर्भपात केले जातात असं म्हटलं, ते कायद्याच्याही आधी, कायदा १९७१ चा आणि लागू झाला १ एप्रिल १९७२ ला. त्या समितीनं मोजलं नव्हतं, ७३ जन्मांमागे २५ गर्भपात आणि त्यातले १५ केलेले असं धरून ५० कोटी लोकसंख्येवर गणित मांडलं होतं. आता ३९ लाखाचे १ कोटी ५६ लाख झाले, बाया बिघडल्या, असं भाषणात ठोकणारे मी ऐकलेत आणि फार वाईट वाटतं, कारण लोकसंख्या किती वाढली, मोजायची पद्धत किती बदलली, याचा त्यात विचारच नसतो. गर्भपाताच्या गोळ्यांना आपल्याकडे परवानगीच २००२ ला मिळाली. २०२१ मध्ये कायदा बदलला, काही बायांसाठी मुदत २० आठवड्यांवरून २४ झाली. अशा प्रत्येक वळणावर आकडा हलतो, म्हणून चढ-उतार दिसला की आधी बघा, त्या वर्षी रिपोर्ट पाठवणारे दवाखाने वाढले का. लॉकडाऊनमध्ये नोंदी घटल्या तर त्याचा अर्थ गरज घटली असा काढू नका, एसटीच बंद होती.

वर्ष पण बघा, सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च. आणि दर हजार बायांमागे आहे की शंभर जन्मांमागे, हे न बघता दोन आकडे शेजारी ठेवू नका.

शब्दाचा घोळ तर विचारूच नका. मराठीत आपोआप पडला तरी गर्भपात आणि केला तरी गर्भपात. बाई सांगते "पिशवी साफ केली", आता ते काय धरायचं? घरी गोळ्या घेऊन रक्त थांबेना म्हणून आलेली बाई भीतीनं "आपोआपच झालं" सांगते आणि रजिस्टरला तसंच चढतं. घरोघरच्या सर्व्हेचंही हेच. एनएफएचएस-५, म्हणजे देशभरच्या सरकारी कुटुंब-आरोग्य सर्व्हेची पाचवी फेरी, त्यात गर्भपात झालेल्या गरोदरपणांचं प्रमाण शंभरात ३ च्या आसपास आलं आणि वरच्या अभ्यासात तेच ३३. ओसरीवर सासू बसलेली असताना कोण खरं सांगेल सांगा बरं.

आपल्या भागातली एक चूक वेगळी सांगते. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयात हजार मुलांमागे ८४२ मुली निघाल्या, ती लाजिरवाणीच गोष्ट आहे. पण तेव्हापासून एमटीपीचा, म्हणजे कायदेशीर गर्भपाताचा, कोणताही आकडा दिसला की लोक त्याला मुलींची हत्या समजतात. बहुतेक गर्भपात सुरुवातीच्या आठवड्यांत होतात, तेव्हा सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळतही नाही. लिंगनिदान हा गुन्हा, त्याचा कायदा वेगळा, १९९४ चा. दोन्ही एकत्र केल्यानं झालं काय, गोळ्यांवर कडक नजर आली, खूप मेडिकलवाल्यांनी त्या ठेवणंच सोडलं, आणि अडलेली बाई आणखी लपून करायला लागली, म्हणजे आकड्यातून अजूनच गायब.

शेवटचं, सीमेचं. नंदुरबारची बाई ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे गेलेली असते, रावेरची मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरला दाखवते. दवाखान्याचा रिपोर्ट जिथं झालं तिथला, बाई कुठली ते नाही. म्हणून जिल्ह्याचा आकडा कमी दिसला तर आधी शेजारच्या राज्याकडे बघा. आणि जुनं काही तपासायचं असेल तर वेळ लावू नका, दवाखान्यातलं गर्भपाताचं भरती रजिस्टर गोपनीय असतं आणि शेवटच्या नोंदीनंतर ५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे.