घोरण्याची टेस्ट आणि सीपॅप मशीन: या चुका टाळा

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत लोकांच्या घरी झोपेच्या टेस्टचं किट लावणं आणि नंतर सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं) बसवून देणं, हा माझा रोजचा धंदा. तालुका बदलतो, चुका तशाच. सकाळी सहाला फोन वाजला की कळतं, कुणीतरी मध्यरात्री मास्क काढून उशाशी फेकलाय.

ही टेस्ट ज्या आजारासाठी, तो स्लीप ॲप्निया, थोडक्यात असा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट मिटते, आणि दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबतो नाहीतर पार कमी होतो. मेंदू दचकतो, खर्रकन श्वास येतो, पुन्हा तेच. तासाला असं 5 ते 15 वेळा झालं तर सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर गंभीर. ज्याचं हे होतं त्याला पत्ताच नसतो. उलट 'मी पडल्या पडल्या झोपतो' हे तो कौतुकाने सांगतो. झुआरीच्या पुलावर गाडी चालवताना डुलकी लागते, हे मात्र सांगत नाही.

टेस्टच्या रात्री शहाण्यासारखं वागणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. डिचोलीकडचे एक काका. रोज रात्री काजूच्या फेणीचे दोन पेग, मग जेवण, अकराला आडवे, तेही कायम उताणे. टेस्टच्या दिवशी मात्र घरात सोवळं पाळल्यासारखं. सातला पेज, फेणीची बाटली कपाटात, आणि नऊच्या ठोक्याला काका छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला क्लिप लावून अंग चोरून कुशीवर पडले. वायर सुटेल या भीतीने हललेसुद्धा नाहीत. झोप लागली तीनला. पाचला उठून किट काढून ठेवलं.

रिपोर्ट आला तासाला 9. मुलाने लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, बाबांचं जवळजवळ नॉर्मल. मी निघालो तर काकी दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी मोजते रे. त्यांचा श्वास थांबला की राम राम म्हणत बसते. वीसपर्यंत जाते कधी कधी."

आता हिशेब बघा. घरच्या किटला माणूस झोपलाय की जागा आहे, हे नीट कळत नाही. डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरी बघायच्या असतील तर रात्रभर लॅबमध्ये झोपावं लागतं. घरचं किट एकूण अडथळ्यांना नोंदणीच्या तासांनी भागतं. काकांचे अडथळे 72, नोंदणी आठ तास, म्हणून 9. पण झोप झाली होती दोनच तास. म्हणजे तासाला 36! दुसऱ्यांदा टेस्ट केली ती त्यांच्या नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखं उताणं झोपवून, आणि हो, डॉक्टरांना विचारून नेहमीच्या पेगांसकट. आकडा 41. मग डॉक्टरांनी पेग बंद केले ते वेगळं. दारूने घसा आणखी सैल पडतो, पण रोज घेणाऱ्याने नेमकी टेस्टच्या रात्री सोडली तर खरी रात्र कागदावर येत नाही.

तेव्हापासून मी किट लावताना कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायला लावतो, झोप साधारण कधी लागली, किती वेळा उठलात. लोकांना गंमत वाटते. डॉक्टरांना नाही वाटत.

झोप येत नाही म्हणून मनाने झोपेची गोळी घेऊ नका. काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो आणि दचकून जागं होणंही मंदावतं.

'बारीक माणसाला हे होत नाही' हेही खोटं. जबडा लहान असला तरी होऊ शकतं.

मास्क आवळणं

फोंड्याकडचे एक निवृत्त मास्तर. मास्कमधून हवा गळते म्हणून पहिल्या रात्री पट्टा एक बोट ओढला, दुसऱ्या रात्री आणखी एक. पाचव्या दिवशी नाकाच्या दांड्यावर जखम, तिच्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर पुन्हा आवळलेला मास्क. हवा सुटून डोळ्यांत, डोळे लाल. त्यात शेजारच्या मुलाने मोबाइलवर व्हिडिओ बघून मशीनचं प्रेशर 10 वरून 15 करून दिलं. प्रेशर वाढलं, गळती वाढली, मास्तरांनी पट्टा आणखी ओढला. मला फोन केला तो 'मशीन खराब आहे, परत न्या' म्हणून.

गेलो आणि म्हटलं, सर, आडवे पडा. ते चक्रावले, कारण रोज मास्क लावत होते आरशासमोर बसून. आडवं पडलं की गालाचं मांस मागे सरकतं. बसून बरोबर बसलेला मास्क झोपल्यावर बसेलच असं नाही. प्रेशर डॉक्टरांनी लिहून दिलं होतं तिथे आणलं, सगळे पट्टे सैल केले, मशीन चालू केलं. मग मास्क चेहऱ्यापासून थोडा पुढे ओढून सोडला, की आतली मऊ सिलिकॉनची कड हवेने फुगते आणि चेहऱ्यावर आपोआप टेकते. शेवटी खालचे दोन पट्टे सारखे ओढले, पट्ट्याखाली बोट जाईल इतपतच. आवाज बंद. थोडी गळती राहिली ती मिशीमुळे. मिशी काढा असं मी सुचवलं नाही. तेवढी अक्कल मला आहे. नाकपुडीला टेकणारा छोटा मास्क दिला.

आणि पहिल्याच रात्री आठ तास झोपेन, हा हट्ट सोडा. दोन रात्रींत 'मला जमत नाही' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सायकल तरी एका संध्याकाळी शिकला होता का? संध्याकाळी पेपर वाचताना अर्धा तास मास्क लावून बसा. मी प्रत्येकाकडे पंधरा दिवस मागतो.

बाकीचं

याला ऑक्सिजनचं मशीन म्हणू नका. साधी खोलीतली हवा दाबाने आत जाते आणि घशाची वाट उघडी राहते. 1980 च्या सुमारास सिडनीत डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी पहिल्यांदा ही युक्ती केली तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती.

ओळखीतलं जुनं मशीन स्वस्तात घेऊ नका. आतला फोम खराब होतो म्हणून 2021 मध्ये एका मोठ्या कंपनीने लाखो मशीन परत बोलावली होती. हातातलं मशीन त्यातलं आहे का, हे तुम्हाला कोण सांगणार?

हवा ओलसर करायला मशीनला पाण्याची टाकी असते, तो ह्युमिडिफायर. त्या टाकीत डिस्टिल्ड पाणी, रोज नवं. विहिरीचं नाही, बाटलीतलं प्यायचंही नाही. दोन्हींचा पांढरा थर बसतो. पावसाळ्यात आपल्याकडे हवाच इतकी ओली की ह्युमिडिफायर कमीवर ठेवला तरी चालतो. एसी लावून झोपलात आणि नळीत गुडगुड झाली, तर मशीन उशीपेक्षा खाली ठेवा आणि नळी चादरीखालून घ्या. मास्क सौम्य साबणाने धुवा आणि पंख्याखाली वाळवा. डेटॉल नको.

जूनमध्ये वीज जाणारच. इन्व्हर्टरवर किती तास चालतं, ते मे महिन्यात एका दुपारी लावून बघा.

लहान मूल घोरतं तर 'बापावर गेलंय' म्हणून हसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना टॉन्सिल दाखवा. कुठल्याही ऑपरेशनला जाताना भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आधी सांगा आणि मशीन सोबत न्या.

नेताना टाकी ओतून रिकामी करा, नाहीतर पाणी मोटरमध्ये जातं. माझं पहिलं डेमो मशीन म्हापशाच्या वाटेवर स्कूटरच्या डिकीत असंच बुडालं, आणि पुढचे तीन महिने त्याचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले.